दुसरीच्या वर्गातली बदलीची बाई

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

परभणी,
वैशाख शुद्ध नवमी, शके १८६८

प्रिय मथुरा,

तुझं कार्ड पोचलं. दादा-वहिनी आणि मुलं खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. तू कशी आहेस ते तू नेहमीप्रमाणं लिहिलंच नाहीस. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंस, अक्का, दुसरीचा वर्ग तुझा झाला का? त्याचं उत्तर कार्डावर मावणारं नाही. पोस्टानं पाठवण्यासारखंही नाही, कारण तिथं आलेलं पाकीट आधी दादा फोडतो आणि वहिनीला वाचून दाखवतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र बायनाबाईच्या भावाच्या हाती देते आहे. तो घोंगड्या विकायला वाशिमच्या बाजाराला निघालाय, मागच्या दारी येऊन हाक देईल. घोंगडी घेऊ नकोस, भाव फार लावतो. पत्र तेवढं घे आणि चुलीपाशी एकटी असशील तेव्हा वाच. कागद यांच्या आडतीच्या जुन्या चोपडीतले आहेत. मागच्या बाजूला सरकीचे भाव दिसतील, तिकडे बघू नकोस. कोरा कागद हल्ली मिळत नाही, आणि मिळाला असता तरी मी घेतला नसता.

बायनाबाई तुला माहीत नाही. ती इथल्या कन्याशाळेची बोलावणारी. सकाळी घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या, रांगेनं शाळेत न्यायच्या आणि सुटल्यावर जिची तिच्या दारात नेऊन सोडायच्या, हे तिचं काम. ती नसती तर इथल्या लोकांनी मुलींना उंबऱ्याबाहेर पाठवलंच नसतं. मला हेरलं तेही तिनंच. शेजारच्या बायकांना मी श्रावणात पोथी वाचून दाखवत होते, ही ओट्याशी टेकून ऐकत राहिली. पुढं थंडी पडली तेव्हा एका सकाळी दारात येऊन म्हणाली, "बाई, चला. सेलूकरबाईचा दमा लय उठलाय, दुसरीच्या पोरी नुसत्या बोंबलायल्यात. तुमाला वाचता येतंय म्हनून मी वकीलसाहेबाला सांगून बी आले." वकीलसाहेब म्हणजे आबासाहेब, शाळेच्या मंडळाचे चिटणीस. सासूबाईंनी नाक मुरडलं, यांनी मात्र हो म्हटलं. बदलीला जाणाऱ्या बाईला कुणी काही कागद दाखवा म्हणत नाही, हे यांना आधीच कळलं असावं. मला तेव्हा ते कळलं नाही. तेव्हापासून सहा वर्षं दरसाल थंडी आली की घरोघरच्या बायका गोधड्यांना ऊन दाखवायच्या आणि मी शाळेच्या लुगड्याला खळ घालून ठेवायची.

इथल्या कचेरीच्या भाषेत कायमच्या माणसाला मुस्तकिल म्हणतात आणि बदलीच्याला मुन्सरिम. ऐकायला दोन्ही शब्द भारदस्तच. मुन्सरिम म्हणजे काय ते मला विचार. हजेरी पेन्सिलीनं भरायची, म्हणजे कायमच्या बाई आल्या की त्या तीवरून शाईनं गिरवतील. खडू, नकाशा, मणिचौकट सगळं कपाटात, आणि कपाटाची किल्ली सेलूकरबाईंच्या कनवटीला, त्या स्वतः सेलूला अंथरुणावर. मग मी घरून चुन्याचे खडे नेले, चिंचोके नेले, मुलींना बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर शिकवली. मध्येच सुटी लागली की आदल्या दिवशी मला मोकळं करायचे आणि सुटी संपली की बायनाबाई पुन्हा दारात. सुटीत कुणी रजेवर नसतं, शाळाच बंद असते, मग बदली कुणाची आणि पगार कशाचा? त्यांचा हिशेब चुकत नव्हता. मी घरात दिडकीचा हिशेब ठेवणारी बाई, मला त्यांच्या हिशेबात चूक काढता आली नाही आणि म्हणूनच तो जास्त लागला.

पण मथुरा, तो वर्ग. तुला तो एकदा दाखवायचा होता. शहाबादी फरशीची लांबट खोली, पूर्वेकडे दोन खिडक्या, बाहेर निंब. सकाळची प्रार्थना होईपर्यंत ऊन पहिल्या रांगेतल्या पाट्यांवर येतं, आणि मुली पाट्या कलत्या करून भिंतीवर कवडसे पाडतात. मी त्यांना रागावत नसे. आधी कवडसा, मग पाढे, असं ठरवून टाकलं होतं. दुसरीचा वर्ग म्हणजे मुलगी अक्षरं सोडून वाक्यावर येते तो. एके दिवशी ती गुणगुणणं बंद करते आणि मनात वाचायला लागते, ओठ हलायचे थांबतात. ते मी किती जणींचं पाहिलं! आणि दरवेळी ते पाहून झालं की आठ-पंधरा दिवसांत सेलूकरबाई दारात उभ्या राहायच्या, काठी टेकत, गळ्याला फडकं गुंडाळून. बाई सज्जन. "कमलबाई, तुमच्या हाताखाली पोरी सुधारल्या हो," म्हणायच्या. मी खडू खाली ठेवायची आणि पायरी उतरायची. पेडगावच्या किशनरावांची कडू म्हणून एक मुलगी आहे, आजोळी राहून शिकते, तोंडाची फटकळ. ती एकदा वर्गात सगळ्यांसमोर म्हणाली, "खऱ्या बाई आल्या. आता तुमी घरी जा." मग तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या मागं पायरीपर्यंत आली आणि विचारलं, "बाई, तुमी खऱ्या कवा होनार?" मी म्हटलं, देवाला माहीत. ती म्हणाली, "मंग देवाला इचारा की."

विचारलं ना. औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक बोलले, सोळा सोमवार केले, उद्यापनही केलं. मला दागिना नको होता, घर नको होतं, तुला तर माहीत आहे मी लुगडंसुद्धा दंड भरून वापरते. मला तो एक वर्ग हवा होता, शाईनं माझा. गेल्या साली शाळाखात्याच्या मोठ्या बाईसाहेब तपासणीला आल्या त्या दिवशीही मीच वर्गावर होते. मुलींनी धडाधड उत्तरं दिली. बाईसाहेब प्रसन्न झाल्या, शेऱ्याच्या वहीत छान लिहून गेल्या, आणि आबासाहेबांनी मुख्य दालनात तो शेरा वाचून दाखवला: सेलूकरबाईंचा वर्ग शाळेत उत्तम. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्याच वाजवत होत्या.

तुला आठवतं, बाबा आपल्याला एकाच चटईवर बसवून शिकवायचे? पुस्तकं माझी असायची आणि माझ्याआधी पाठ तुझी व्हायची. भूमिती मला कधी जमली नाही, तू नववीत असताना मॅट्रिकच्या आकृत्या काढून द्यायचीस. मी अकोल्याला जाऊन परीक्षा दिली, पास झाले, आणि बाबांनी पेढे वाटायच्या आधीच दोन्ही स्थळं आली. दोन मांडवांचा खर्च बाबांना झेपणारा नव्हता म्हणून एकाच मांडवात दोघींना उजवलं. तुझी पुढची दोन वर्षं त्या मांडवात गेली. त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस, मीही कधी विचारलं नाही. आणखी एक गोष्ट त्या मांडवात गेली. माझं स्थळ आणणाऱ्या मध्यस्थांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलगा मॅट्रिकला दोनदा अडकलाय, मुलगी पास झाल्याचं बोलू नका, चौथीपर्यंत शिकली म्हणा. शाळामास्तर असून बाबांनी मान हलवली. मग लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून यांनी सोन्याच्या अंगठीनं नाव लिहिलं. मी गोदावरीची कमल झाले, तिकडे तू सगुणा झालीस. सासूबाईंनी ते तांदूळ लगेच ओंजळीनं गोळा करून घेतले, नाव धड वाचायलाही राहिलं नाही.

दाखला मी ट्रंकेत तळाशी आणला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षीच यांच्या हाती लागला. दिवसाउजेडी, दाराशी उभं राहून यांनी तो वाचला, एकदा नाही, दोनदा वाचला. मी चूल फुंकत होते. होता तसा घडी घालून पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "याच्यावर शालू ठेव, कसर लागंल." त्यानंतर इतक्या वर्षांत त्या कागदाचं नाव आमच्या दोघांत निघालं नाही. आडतीच्या वह्या मात्र घरी आणत. बेरीज जुळत नसली की वही माझ्यापुढं सरकवायची आणि स्वतः सुपारी कातरत बसायचं. मी चूक काढून द्यायची, सकाळी ते वही घेऊन जायचे. माणूस वाईट नाही, हे लिहिताना मला जास्तच राग येतो. वाईट असते तर एवढं लांबलचक लिहावं लागलं नसतं.

यंदा चैत्रात सेलूकरबाईंनी कायमची रजा घेतली. पुण्याला पुतण्याकडे जाऊन राहतात आता. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी ऑफिसात दिली नाही, बायनाबाईबरोबर माझ्याकडे पाठवली. बायनाबाई किल्ली हातात देऊन म्हणाली, "आता घ्या, झाल्या तुमी खऱ्या बाई. मला साडीचोळी पायजे बगा." दोनच दिवसांत आबासाहेब घरी आले. बैठकीत हे आणि सासूबाई, मी आतल्या दाराशी. आबासाहेब म्हणाले, "सूनबाईंनाच घेऊ म्हणतो, मंडळात कुणाचा विरोध नाही. फक्त मुस्तकिल जागा आहे, सरकारची मदत तिच्यावर येते, म्हणून शाळाखात्याच्या कचेरीत दाखला दाखवावा लागतो. मॅट्रिक बाईच लागते. सूनबाईंचं शिक्षण किती?" मी बाहेर आले, मथुरा. ट्रंकेतून दाखला काढून आणला आणि आबासाहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, "गोदावरी व्यंकटराव. ही कोण?" मी म्हटलं, मीच. लग्नाआधीची.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे. म्हणाल्या, "मॅट्रिक? आन मग आमचा दिनू?" बस, एवढंच. पण ते शब्द बैठकीत असे पडले की आबासाहेबांनासुद्धा चष्मा पुसावा लागला. त्यांनीच सावरून घेतलं. म्हणाले, "यात काही नाही. लग्नात नावं बदलतात, कचेरीला ते ठाऊक आहे. दिनकररावांनी एकदा येऊन साहेबांसमोर एका ओळीचा जबाब द्यायचा, की ही गोदावरी तीच माझी पत्नी कमल. सही करायची. झालं." यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "येतो की. त्यात काय." आबासाहेब गेल्यावर सासूबाई संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलत होत्या. आत्तापर्यंत शेजारीपाजारी कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "आमची सून नौकरी न्हाई करत बाई, अडीनडीला जाती." अडीनडीला जाणं म्हणजे पुण्य आणि पगाराला जाणं म्हणजे नाचक्की, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी मला वाटलं, ओरडू देत, एक ओळ आणि एक सही, मग सगळ्यांची तोंडं आपोआप गप्प होतील.

कचेरीत जायच्या दिवशी मी यांची शेरवानी झटकून ठेवली, टोपीला ब्रश केला. शाळेचे कारकून बन्सीधर न्यायला आले. मी देवापाशी निरांजन लावून गुळाचा खडा ठेवला. दुपारी हे परत आले, पाय धुतले, पाटावर बसले. मी विचारलं, झालं? म्हणाले, "झालं." आणखी भाकरी मागितली. मी त्या गुळातला निम्मा बायनाबाईला दिला, निम्मा शेजारी वाटला. किल्लीला सुतळी होती ती सोडून माझ्या जुन्या चोळीच्या काठाची नाडी लावली. वर्गात कुठं काय ठेवायचं ते मनात मांडत होते. शाळेला सुटी होती, म्हणून कुणी बोलवायला आलं नाही याचंही मला काही वाटलं नाही.

अक्षय्य तृतीयेनंतर बन्सीधर दारात आले. हातात माझा दाखला. म्हणाले, "वैनी, हा तुमच्या बहिणीचा कागद. चुकून आमच्याकडं आलता, मालकांनी तिथंच सांगितलं, पर साहेबांनी फाइलीत नोंद करून घेतल्याशिवाय परत न्हाई दिला." मी म्हटलं, बसा, पाणी घ्या, आणि काय काय झालं ते सांगा. भोळा माणूस, सगळं सांगितलं. साहेबांनी दाखला वाचला, खूश झाले. मग जबाब लिहून घेताना यांचं नाव, गाव, धंदा विचारला आणि हसत म्हणाले, "बीवी मॅट्रिक, माशाल्ला! और मियाँ?" साहेबांनी पुन्हा विचारलं, "मियाँ कहाँ तक पढे?" कचेरीतले चार लोक हसले. बन्सीधर म्हणाले, "मी बी हसलो वैनी, खोटं कशाला बोलू. सायब हसला की हसावं लागतंय." तेव्हा यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ये सनद मेरी बीवी की नहीं है साहब. साली की है. गलती से आ गई." साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि त्याच ओळीखाली यांची सही घेतली. आणि ते घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाऊन गेले.

त्या दिवशी मी ताट वाढून समोर बसले. सासूबाई ओसरीवर होत्या. मी विचारलं, माझी बहीण मॅट्रिक झाली हे तुम्हाला कधी कळलं? त्यांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाले, "चार माणसं हसली गं." मला तेवढ्यावर त्यांची कीव येणार होती, आली सुद्धा होती. पण पुढं म्हणाले, "तुला शाळंत जायाला कोण नको म्हनतंय? बदलीला जा की पहिल्यासारखी. मी कदी अडवलंय का?" खरंच, कधी अडवलं नाही. मी मीठ वाढलं आणि उठले. माझी सहा वर्षं माझ्याच पाटावर बसून जेवत होती आणि मला त्यांच्यावर ओरडतासुद्धा येत नव्हतं. सासूबाई मात्र तेव्हापासून माझ्याशी गोड आहेत. परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमची कमल चौथी शिकली, लय हाय की तेवढं." देवाची पूजा करतानाही आता माझ्या मनातला राग जात नाही. रागानं वाहिलेलं फूल देवाला चालतं का, हे कुणाला विचारावं? नागनाथाला विचारायची आता मला भीती वाटते, कारण मागच्या वेळी विचारलं त्याचं उत्तर हे आलं.

तर मथुरा, वर्ग माझा झाला नाही. होणारही नाही. हे मी तुला कार्डावर लिहू शकले असते. पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. परवा हे आडतीवर गेल्यावर आबासाहेब आले, बायनाबाईला सोबत घेऊन, आणि अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, मी वकील आहे. दफ्तरात एकदा लिहिलं ते खरं. ते खोडायचं तर दिनकररावांनी पुन्हा त्याच साहेबांसमोर उभं राहून मी खोटं बोललो म्हणायला पाहिजे. ते म्हणतील?" मी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, "शाळा उघडायच्या आत मला मॅट्रिक बाई दाखवायची आहे, नाहीतर सरकारची मदत जाते आणि दुसरीचा वर्ग बंद होतो. दफ्तरात लिहिलंय की दिनकररावांच्या मेहुणीचा दाखला आहे. त्या मेहुणी आल्या तर मी नाव विचारीन, बाकी काही विचारणार नाही." मी सगळी रात्र नाही, सगळा दिवस विचार केला, दळताना, निवडताना, तुळशीला पाणी घालताना. तो दाखला या पाकिटात आहे. वडिलांचं नाव तेच आहे, आपल्या दोघींचं एकच. तुझं सासरचं सगुणा नाव तुझ्या कुंकवाबरोबर तिकडेच राहिलं, आणि मथुरा म्हणून तुला दादाच्या स्वैपाकघराबाहेर कोण ओळखतं? भूमिती तुला माझ्याहून बरी येते. दादाला सांग, अक्का आजारी आहे, बोलावणं आलंय. वहिनी चिडेल, तिला फुकटची मोलकरीण जाते आहे, चिडू दे. हिंगोलीपर्यंत मोटारीनं ये, तिथून पूर्णेवरून रेल्वेनं. निजामाची हद्द लागली की करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर नाव विचारतात, तिथून पुढं गोदावरी सांग आणि पुन्हा दुसरं नाव तोंडात आणू नकोस. मीही जिभेला वळण लावते आहे. इथं तुला घरात ठेवायला हे नाही म्हणू शकत नाहीत, त्यांच्याच तोंडची मेहुणी आहे, त्यांच्याच सहीची. पाप असलं तर ते मी देवापुढं उभी राहून माझ्या नावावर लावून घेईन, नाव कुठलं ते देवानं ठरवावं. किल्ली स्टेशनवर तुझ्या हातात देते. मुलींच्या पाट्या उन्हात कलत्या झाल्या तर रागावू नकोस, आधी कवडसा, मग पाढे. हजेरी पहिल्या दिवसापासून शाईनं भर. आणि कधी तुला ताप आला, कधी रजा घ्यावी लागली, तर काळजी करू नकोस, बायनाबाईला कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक आहे.

वाट बघते.

तुझीच,
अक्का